उपासाचा दिवस ठरविताना

खानदेशातल्या बहुतेक घरांत उपासाची तिथी सांगणारी तीन साधने हल्ली एकाच वेळी नांदत असतात : स्वयंपाकघराच्या भिंतीवरची दिनदर्शिका, मुलासुनांच्या हातातल्या मोबाईलमधले पंचांग आणि गावातल्या देवळापुढे खडूने लिहिलेला फळा. वर्षातून दोन-चार वेळा तरी या तिहींचा मेळ बसत नाही. एक म्हणते एकादशी आज, दुसरे म्हणते उद्या, आणि घरातली वडीलधारी बाई भगर आज निवडावी की उद्या या विवंचनेत पडते. अशा वेळी पंचांगकर्त्यांना दोष देऊन मोकळे होण्याचा शिरस्ता पडला आहे. वास्तविक बहुतेक प्रसंगी ही तिन्ही साधने आपापल्या परीने बरोबरच असतात. आज तिथी कोणती, एवढे विचारून उपासाचा निर्णय होत नाही. या व्रताची जी नेमकी वेळ आहे त्या वेळी, माझ्या गावच्या आकाशात कोणती तिथी चालू असेल, असे विचारावे लागते. हा प्रश्न विचारण्याची सवय जळगाव-धुळ्याकडच्या कुटुंबांना लागावी आणि त्याचे उत्तर त्यांना स्वतःला काढता यावे, एवढ्यासाठी पुढील विवेचन केले आहे.

चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला म्हणजे एक तिथी पुरी होते, आणि अशा तीस तिथींचा एक चांद्रमास होतो, हे शाळेत शिकलेले असते; परंतु चंद्राची गती नित्य सारखी नसल्यामुळे कोणतीही तिथी बरोबर एका दिवसाची नसते, ती कधी सुमारे वीस तासांत आटोपते तर कधी पावणेसत्तावीस तासांपर्यंत रेंगाळते, ही गोष्ट व्यवहारात विसरली जाते. तारीख मध्यरात्री बदलते, वार आपल्या परंपरेत सूर्योदयाला बदलतो, आणि तिथी मात्र दिवसारात्री कोणत्याही क्षणी बदलते. म्हणून व्यवहाराच्या सोयीसाठी, सूर्योदयाच्या वेळी जी तिथी चालू असेल तिचे नाव त्या दिवसाला द्यावे असा नियम ठरला. आणि एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयापूर्वीच संपली तर तिचा क्षय झाला, दोन सूर्योदयांना तीच राहिली तर तिची वृद्धी झाली, असे म्हणण्याची रीत पडली. दिनदर्शिकेच्या चौकोनात छापलेले तिथीचे नाव हे या सूर्योदयाच्या नियमाने छापलेले असते.

हे गणित आपल्या मुलखाला परके नाही, याचा अभिमान खानदेशी वाचकाने अवश्य बाळगावा. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या रानात जो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या दृष्टीस पडला, त्यात भास्कराचार्यांचा नातू, यादवराजा सिंघण याच्या पदरचा ज्योतिषी चांगदेव, याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची आणि त्या मठाला नेमणुका मिळाल्याची नोंद आहे. तो काळ इ. स. १२०७ चा. शके १०७२ मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तले ग्रहगणित ज्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जावे अशी व्यवस्था झाली होती, त्या भूमीतल्या माणसाने तिथीच्या बाबतीत गोंधळून जावे, हे मनाला लागते.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक व्रताला एक विशिष्ट वेळ नेमून दिलेली आहे. शास्त्रकार तिला कर्मकाल म्हणतात. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, काशीत ‘निर्णयसिंधु’ लिहिणारे कमलाकरभट्ट आणि पंढरपुरास ‘धर्मसिंधु’ रचणारे काशीनाथशास्त्री उपाध्याय या सर्वांनी शेकडो पाने खर्चून जो निर्णय केला, त्याचे सूत्र एवढेच की, त्या कर्मकाली ती तिथी ज्या दिवशी असेल तो दिवस त्या व्रताचा. सूर्योदयाचा नियम हा सर्वसाधारण व्यवहाराचा आहे. तो सर्व व्रतांना सरसकट लावला म्हणजे घोटाळे होतात.

संकष्टी चतुर्थीचे उदाहरण घ्यावे. तिचा कर्मकाल चंद्रोदय. समजा, मंगळवारी सकाळी दहा वाजता वद्य चतुर्थी लागली आणि बुधवारी सकाळी साडेआठला संपली. बुधवारच्या सूर्योदयाला चतुर्थी असल्यामुळे दिनदर्शिका बुधवारच्या चौकोनात चतुर्थी छापील आणि मंगळवारच्या चौकोनात तृतीया. परंतु रात्री नऊच्या सुमारास चंद्र उगवेल तेव्हा चतुर्थी असेल ती मंगळवारी. बुधवारचा चंद्र पंचमीत उगवेल. म्हणून संकष्टी मंगळवारची, आणि मंगळवारची म्हणून ती अंगारकी. एरंडोलजवळ पद्मालयाच्या कमळतळ्याकाठी, जिथे एकाच आसनावर उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती विराजमान आहेत, तिथे दर्शनाची रांग लागेल ती त्या मंगळवारी. दोन्ही दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी आली तर पहिला दिवस घ्यावा, एकाही दिवशी न आली तर दुसरा घ्यावा, असा निर्णय आहे. शुद्ध पक्षातल्या विनायकीचा कर्मकाल मात्र मध्यान्ह आहे, तिथे चंद्रोदयाचा संबंध नाही. चतुर्थी म्हटली की चंद्र पाहून जेवायचे असा समज करून घेतलेली घरे पुष्कळ आहेत, त्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

एकादशीचा प्रश्न याहून नाजूक, कारण तिथे निर्णयाचे दोन संप्रदाय आहेत आणि दोन्ही प्रमाण आहेत. स्मार्त मंडळी सूर्योदयाला एकादशी असली म्हणजे त्या दिवशी उपास करतात. भागवत संप्रदायी त्याच्या अलीकडे पाहतात : सूर्योदयापूर्वी चार घटिका, म्हणजे शहाण्णव मिनिटे, अरुणोदयाचा काळ धरला जातो, आणि त्या काळात दशमीचा अंशही शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीने विद्ध झाली असे मानून ते दुसऱ्या दिवशी उपास करतात. जळगावात सूर्योदय सहा वाजून दहा मिनिटांनी असेल तर अरुणोदय चार वाजून चौतीस मिनिटांनी सुरू होतो. दशमी पाच वाजून पंधरा मिनिटांनी संपली असेल, तर स्मार्तांची एकादशी त्याच दिवशी आणि भागवतांची दुसऱ्या दिवशी. दिनदर्शिकेत लागोपाठ दोन दिवशी ‘स्मार्त एकादशी’ आणि ‘भागवत एकादशी’ असे छापलेले आढळते त्याचा खुलासा हा असा आहे.

मग आपण कोणती धरावी? ज्या घरात तुळशीची माळ आहे, पंढरीची वारी आहे, त्या घराने भागवत एकादशी धरावी, आणि खानदेशात अशी घरे थोडी नाहीत : मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी आषाढीसाठी दरसाल दूरवरची वाट चालून पंढरपुरास जाते, अमळनेरास बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या समाधीपाशी वैशाखात मोहिनी एकादशीला रथ निघतो, जुन्या जळगावात श्रीराम मंदिर संस्थानचा रथोत्सव १८७२ पासून कार्तिकी एकादशीला होत आला आहे. ज्या घरात असा संप्रदाय नाही त्याने स्मार्त धरावी. एक गोष्ट कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे या महिन्यात सोयीची म्हणून स्मार्त आणि पुढच्या महिन्यात लग्नकार्य आडवे आले म्हणून भागवत अशी निवड करणे. घरातल्या जुन्या माणसांना विचारून एकदा काय तो निर्णय घ्यावा आणि तो पुढे चालवावा. दुसऱ्या दिवशी उपास करणारा शेजारी चुकला असे मानण्याचे तर मुळीच कारण नाही.

बाकीची व्रते थोडक्यात सांगता येतील. प्रदोषाला त्रयोदशी सूर्यास्तानंतरच्या सुमारे अडीच तासांत हवी. रामनवमीला नवमी मध्यान्ही हवी. महाशिवरात्रीला चतुर्दशी आणि जन्माष्टमीला अष्टमी मध्यरात्री हवी. आणि इथे हे सांगितले पाहिजे की घड्याळातले बारा म्हणजे आपली मध्यरात्र नव्हे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. जळगाव तिच्या पश्चिमेस सुमारे सात अंश आणि धुळे पावणेआठ अंश असल्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या मागे अनुक्रमे अठ्ठावीस आणि एकतीस मिनिटे चालतो, आणि माघ महिन्यात सूर्यगतीच्या फरकामुळे त्यात आणखी दहा-बारा मिनिटांची भर पडते. शिवरात्रीचा निशीथकाल त्यामुळे आपल्याकडे साडेबारा उलटून गेल्यावर भर मध्यावर येतो. चांगदेव गावी तापी-पूर्णेच्या संगमावर त्या रात्री जागरण करणाऱ्यांनी अभिषेकाची वेळ धरताना हे पाहावे.

रेखांशाचा हा मुद्दा संकष्टीच्या चंद्रोदयालाही लागू आहे. मुंबई जळगावच्या पश्चिमेस पावणेतीन अंश आहे. म्हणून मुंबईसाठी छापलेल्या वेळेच्या साधारण दहा-बारा मिनिटे आधी जळगावात चंद्र उगवतो, ऋतुमानाप्रमाणे त्यात थोडा कमीजास्तपणा होतो, आणि धुळ्यात तो जळगावनंतर सुमारे तीन मिनिटांनी उगवतो. बऱ्याच दिनदर्शिका संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा गावोगावच्या देतात. त्यांत आपले गाव नसेल तर जवळचे मोठे गाव पाहावे. मोबाईलमधल्या पंचांगात मात्र आरंभीच दोन गोष्टींचा बंदोबस्त करावा. स्थळाच्या जागी बहुधा दिल्ली किंवा उज्जैन असते, तिथे जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर, जे असेल ते घालावे. आणि महिन्याच्या गणनेत ‘अमान्त’ हा पर्याय निवडावा. तिहींचा मेळ न बसण्याची निम्मी कारणे एवढ्याने नाहीशी होतील.

अमान्त म्हणजे काय, हे खानदेशी माणसाला शेजाऱ्यांच्या संगतीने सहज समजते. आपला महिना अमावास्येला संपतो. उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षाला दोघांकडे एकच नाव. वद्य पक्षात मात्र त्यांचा महिना आपल्या पुढे एक गेलेला असतो. म्हणून जळगावच्या बाजारपेठेतल्या मारवाडी कुटुंबांचे श्रावणी सोमवार गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले जातात आणि राखीला संपतात. आपले त्यानंतर पंधरवड्याने सुरू होऊन पोळ्याच्या अमावास्येपर्यंत चालतात. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची, दिवस एकच. गुजरातेत महिना आपल्यासारखाच अमान्त आहे, फक्त वर्ष कार्तिकात सुरू होते, म्हणून नवापूर-तळोद्याकडे ही अडचण जाणवत नाही.

अधिक महिन्याचा निराळा विचार करावा लागतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. ही तूट साचत जाऊन साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढवावा लागतो. शके १९४५ मध्ये, म्हणजे २०२३ साली, श्रावण अधिक आला तेव्हा आठ-नऊ सोमवार करावयाचे काय असा प्रश्न घरोघर पडला होता. आणि शके १९४८ मध्ये, म्हणजे २०२६ साली, ज्येष्ठ अधिक आहे, तेव्हा वटपौर्णिमेविषयी तोच प्रश्न पडतो. नियम सोपा आहे. वर्षातून एकदा यावयाची व्रते निज, म्हणजे अधिकानंतरच्या, महिन्यात करावीत. एकादशी, संकष्टी, प्रदोष अशी मासिक व्रते दोन्ही महिन्यांत चालू ठेवावीत. टिळक पंचांग मानणाऱ्यांचा अधिक महिना क्वचित इतरांहून वेगळा पडतो, कारण राशिचक्राचा आरंभ ते निराळा धरतात. तिथी मात्र चंद्रसूर्यांमधल्या अंतरावर ठरत असल्यामुळे दोघांची सारखीच राहते.

काही व्रते तिथी आणि वार यांच्या मेळाने ठरतात, आणि त्यांत खानदेशचे स्वतःचे असे व्रत म्हणजे कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी तिची स्थापना आणि सोमवारी विसर्जन. तिच्या रोटांसाठी भाऊबंद परगावाहून एका घरी जमतात. हा रविवार कोणता याविषयी मोबाईलवर अवलंबून राहू नये, कारण मोबाईलमधल्या पंचांगात कानबाई सहसा नसतेच. निज श्रावणातली नागपंचमी आधी निश्चित करावी, पुढचा रविवार धरावा, आणि पुणे-सुरतेकडे नोकरीस गेलेल्या भावांना ती तारीख गुढीपाडव्यालाच कळवावी, म्हणजे रजेची तजवीज त्यांना वेळेवर करता येईल.

दिवस ठरला, आता उपास कसा करावा. या विषयात अतिरेकाचीच भीती मला अधिक वाटते. व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी स्मृतिकारांनी स्वच्छ सांगून ठेविल्या आहेत : पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. पाणी पहिले आणि औषध शेवटचे, हा क्रम प्रत्येक घराने ध्यानात ठेवावा. ज्येष्ठातली निर्जळा एकादशी आणि वैशाखातली मोहिनी आपल्याकडे ज्या दिवसांत येतात त्या दिवसांत भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. अशा उन्हात शेतात वा बांधकामावर राबणाऱ्या माणसाने पाण्यावाचून राहणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण आहे, आणि शास्त्राने दिलेली मुभा न घेण्यात पुण्य कसले? गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुले, नुकतेच दुखण्यातून उठलेले, यांना घरातल्या वडिलांनी स्वतः होऊन उपासापासून सोडवावे. सुनेने सासूपाशी ते मागावे लागू नये. मधुमेही माणसाने उपासापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज काही करू नये, कारण इन्शुलिन अथवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन पोट रिकामे ठेवले असता रक्तातली साखर एकाएकी उतरते. घाम फुटणे, हात कापणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे दिसताच साखर किंवा गूळ तोंडात घालावा, व्रताचा विचार त्या क्षणी करू नये.

फराळाच्या पदार्थांत साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. तो तुपात परतून दिवसातून दोनदा खाल्ला म्हणजे उपासाने पोटाला मिळावयाची विश्रांती मिळत नाही आणि मधुमेह्याची साखर मात्र चढते. त्याहून भगर, राजगिरा, शिंगाडा, रताळे, दही आणि आपल्या शेतातले शेंगदाणे बरे. रावेर-यावलच्या केळीबागा जवळ असताना दुसरे फळ शोधण्याचे कारणही नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि दूध-केळी हा उपासाचा उत्तम आहार आहे, फक्त मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने केळे वैद्याच्या सल्ल्यावाचून खाऊ नये.

भगरीविषयी विशेष सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. शिवरात्र, एकादशी, नवरात्र या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या वार्ता महाराष्ट्रात वारंवार येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाणा येथे, हरिनाम सप्ताहातल्या एकादशीच्या फराळानंतर शेकडो माणसे आजारी पडली आणि जागा अपुरी पडल्यामुळे उघड्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाईन लावावे लागले. भगर ओलसर हवेत साठविली म्हणजे तिच्यावर बुरशी धरते आणि ती बुरशी विष निर्माण करते. पीठ केल्यावर तर हे फार लवकर होते. म्हणून सुटी आणि दळलेली भगर घेऊ नये, बंद पुडक्यातली, तारीख पाहून, लागेल तेवढीच घ्यावी. घरी निवडून, धुऊन, वाळवून मग दळावी. पीठ आठ-पंधरा दिवस राखून ठेवू नये. आणि आमटी-भगर सकाळी शिजवून रात्री वाढण्याचा जो रिवाज पंगतींत पडला आहे तो बंद करावा. सप्ताहाच्या व्यवस्थापकांवर ही जबाबदारी घरच्या गृहिणीपेक्षा अधिक आहे.

चातुर्मासाच्या वर्ज्यावर्ज्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याचा निरोप घ्यावा आणि वांगे मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत ठेवून द्यावे, हा नियम भरितावर जीव असणाऱ्या खानदेशालाही पाळता येतो, कारण बामणोदचे भरिताचे वांगे खऱ्या चवीला येते ते थंडीतच. ऋषिपंचमीचा उपास मात्र आवर्जून समजून करण्यासारखा आहे : बैलाच्या श्रमाचे धान्य त्या दिवशी वर्ज्य, केवळ हाताने लावलेले खावयाचे. पोळ्याला ज्यांच्या पायावर पाणी घातले त्या बैलांच्या कष्टाचे आणखी पाचच दिवसांनी न खाणे, यात शेतकरी घराची कृतज्ञता आहे. ट्रॅक्टरने नांगरणाऱ्यांनीही ती मुलांना सांगावी.

शेवटी पारण्याची गोष्ट, कारण एकादशीचे व्रत द्वादशीला उपास सोडल्यावरच पुरे होते. द्वादशीचा पहिला चतुर्थांश हरिवासर म्हणून टाळावा आणि द्वादशी संपण्यापूर्वी पारणे करावे. पंचांगात द्वादशीचा आरंभ व शेवट पाहून ही वेळ आदल्या रात्रीच काढून ठेवावी. द्वादशी सकाळी लवकर संपत असेल आणि स्वयंपाकाला अवकाश नसेल, तर तुळशीचे पान घालून पाणी घेतले तरी पारणे होते, जेवण मग सावकाश करावे. त्या पहिल्या जेवणाला कळण्याची भाकरी आणि झणझणीत ठेचा वाढू नये. मऊ भात, मुगाचे वरण, वर तूप, एवढेच आधी, आणि भाकरी दुपारनंतर.